ज्यांना रांगेत उभे राहता येत नाही

माझ्या दवाखान्यातील टेबलाच्या खणात निळ्या पुठ्ठ्याची एक वही असते. जे रुग्ण दवाखान्यापर्यंत येऊ शकत नाहीत, ज्यांना घरी जाऊनच तपासावे लागते, त्यांची नावे तीत लिहिलेली असतात. २०२१ च्या मार्च महिन्यात या वहीत १९ नावे होती. नाव, पत्ता, फोन आणि आजार, एवढीच माहिती मी तेव्हा लिहीत असे. त्या १९ पैकी एका नावापुढे मे महिन्यात मला रेघ मारावी लागली. त्याविषयी लिहावे की नाही, याचा विचार बरेच दिवस केला. या सदराचे वाचक बहुतांशी स्वतः ज्येष्ठ आहेत किंवा घरातील ज्येष्ठांचे करणारे आहेत. म्हणून लिहिते आहे.

त्या आजी ८२ वर्षांच्या होत्या. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन डावी बाजू गेलेली, पुढे खुब्याचे हाड मोडलेले, लघवीला नळी. पण बुद्धी लख्ख. मी रक्तदाब मोजत असताना माझ्या साडीच्या काठावर अभिप्राय देण्याइतक्या जागरूक. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचे घर. लिफ्ट नाही आणि जिन्याचे वळण इतके अरुंद की स्ट्रेचर फिरत नाही. खुबा मोडला तेव्हा चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणले होते. त्या उतरण्यात आजींना झालेल्या वेदनांची आठवण घरात सर्वांनाच होती.

१ मार्च २०२१ पासून साठीपुढील सर्व नागरिकांना आणि ४५ ते ५९ या वयातील सहव्याधी असलेल्यांना करोनाची लस खुली झाली. म्हणजे आजी पहिल्याच दिवशी पात्र ठरल्या होत्या. सरकारी केंद्रावर लस विनामूल्य होती आणि खासगी रुग्णालयात २५० रुपयांना. जात, धर्म, पैसा, ओळख यांपैकी कशाचीही अट नव्हती. नियम कागदावर वाचला तर त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. एकच गोष्ट त्यात गृहीत धरली होती. लस घेणारा माणूस केंद्रापर्यंत येईल.

आजींच्या मुलाने मला विचारले, “मॅडम, आईला न्यायचे कसे?” मी विचार केला. खुर्चीतून तीन मजले उतरवायचे, रुग्णवाहिका, केंद्रावर तीन-तीन तासांची रांग, त्या गर्दीतच संसर्गाची शक्यता, परत तीन मजले चढवायचे, आणि चार आठवड्यांनी हे सर्व पुन्हा. शिवाय हाडे ठिसूळ झालेली. मी म्हटले, “थोडे थांबा. अशा रुग्णांसाठी घरी जाऊन लस देण्याची सोय होईल बहुधा. आणि त्या कुठे बाहेर जातात? घरातच आहेत, सुरक्षित आहेत.”

या सल्ल्यातले शेवटचे वाक्य चुकीचे होते. डॉक्टर म्हणून मला ते कळायला हवे होते. अंथरुणाला खिळलेले माणूस बाहेर जात नाही हे खरे, पण त्याच्याइतका जवळचा मानवी संपर्क घरात दुसऱ्या कोणाचाच होत नाही. तोंड धुवायचे, भरवायचे, कूस बदलायची, कपडे बदलायचे, पाठ पुसायची. दिवसातून वीस वेळा तरी कोणाचा ना कोणाचा श्वास त्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो. आपण दोन मीटर अंतराच्या गोष्टी करीत होतो आणि ज्यांच्या बाबतीत ते अंतर पाळणे अशक्यच होते, त्यांना मी ‘सुरक्षित’ म्हणत होते.

आजींचे करणाऱ्या तिघांकडे पाहा. मुलगा ५० वर्षांचा, रोज लोकलने कामाला जाणारा. त्याला लस १ एप्रिलपासून खुली झाली, पण साठा आणि वेळ यांचा मेळ बसेपर्यंत महिना सरला. सून ४१ वर्षांची, तिला १ मेपर्यंत थांबणे भाग होते. तिसऱ्या म्हणजे ब्युरोकडून दिवसभरासाठी येणाऱ्या मावशी, वय ३६, जवळच्याच वस्तीत राहणाऱ्या. त्यांनाही १ मे. दवाखान्या-रुग्णालयांतल्या नोंदलेल्या कर्मचाऱ्यांना जानेवारीतच लस मिळाली, मलाही मिळाली. मी आजींना महिन्यातून एकदा पाहत असे. मावशी त्यांच्याजवळ रोज बारा तास असत. पण त्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या कोणत्याही यादीत नव्हत्या.

इथे ब्रिटनचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. तिकडच्या लसीकरण समितीने प्राधान्यक्रम ठरवला, तेव्हा पहिल्या क्रमांकावर वृद्धाश्रमात राहणारे ज्येष्ठ आणि त्यांची शुश्रूषा करणारे कर्मचारी, असे दोघांना एकत्र ठेवले. घरच्या आजारी माणसाचे बिनपगारी करणाऱ्या नातेवाइकांनाही पुढे सहाव्या गटात स्वतंत्र जागा दिली. जो घराबाहेर पडू शकत नाही, त्याला लस द्यायला फॅमिली डॉक्टरांची आणि परिचारिकांची पथके घरी जात. अशा प्रत्येक भेटीमागे डॉक्टरांना जास्तीचे १० पौंड मिळत, कारण एका घरी जाऊन येण्यात जाणाऱ्या वेळाची किंमत असते, हे तिकडे मान्य होते. या कामासाठी मुख्यतः वापरली गेलेली लस होती ऑक्सफर्ड-अॅस्ट्राझेनेकाची. साध्या शीतपेटीत २ ते ८ अंशांवर राहते म्हणून ती सोयीची. तीच लस आपल्याकडे पुण्यात तयार होऊन ‘कोव्हिशील्ड’ या नावाने मिळत होती. ब्रिटन श्रीमंत आहे, त्यांची लोकसंख्या कमी आहे, हे मान्य. परंतु ‘ही लस घरी नेऊन देता येत नाही’ हे विधान लसीच्या गुणधर्मातून आलेले नव्हते, एवढे यावरून दिसते.

आपल्याकडे घरोघरी लस का देता येणार नाही, याची कारणे केंद्र सरकारने मुंबई उच्च न्यायालयात सांगितली होती. पंचाहत्तरीपुढील, अपंग आणि अंथरुणाला खिळलेल्या नागरिकांना घरी लस मिळावी, यासाठी दोन वकिलांनी तेथे जनहित याचिका दाखल केली होती. सरकारची कारणे साधारण अशी: लसीनंतर गंभीर प्रतिक्रिया आल्यास घरी उपचाराला उशीर होईल, प्रत्येकाला ३० मिनिटे देखरेखीखाली ठेवण्याचा नियम घरी पाळणे कठीण, शीतपेटी वारंवार उघडल्याने लस खराब होण्याची भीती, लस वाया जाण्याचे प्रमाण वाढेल, वेळ फार लागेल, आणि पथकातील कर्मचाऱ्यांना संसर्गाचा धोका.

मला ही कारणे खोटी वाटत नाहीत. तीस वर्षे इंजेक्शने देत आले आहे. तीव्र प्रतिक्रिया म्हणजे काय हे मी पाहिले आहे, आणि ज्याने ती एकदा पाहिली तो ती विसरत नाही. रक्तदाब झपाट्याने उतरतो, श्वासनलिका आकसते. मांडीत अॅड्रेनालिनचे इंजेक्शन लगेच मिळाले तर माणूस बहुधा वाचतो, न मिळाले तर काही मिनिटांत हाताबाहेर जातो. करोना लसीनंतर अशी प्रतिक्रिया येणारे दहा लाखांत मोजकेच, पण ती शक्यता शून्य नव्हती. मार्च २०२१ मध्ये लस घेतलेल्या एका ६८ वर्षांच्या गृहस्थांचा मृत्यू अशा प्रतिक्रियेमुळे झाल्याचे राष्ट्रीय समितीने नंतर मान्य केले. तेव्हा सावधगिरीची भाषा करणाऱ्याला मी निर्दय म्हणणार नाही.

माझा आक्षेप तोलण्याच्या रीतीला आहे. वैद्यकात कोणत्याही उपचाराचा धोका आपण दुसऱ्या पारड्यात काहीतरी ठेवून मोजतो. उपचार केला तर काय होईल आणि न केला तर काय होईल, हे शेजारी शेजारी ठेवावे लागते. इथे एका पारड्यात लसीची प्रतिक्रिया ठेवली होती आणि दुसरे पारडे रिकामेच होते. त्या रिकाम्या पारड्यात ८२ वर्षांच्या पक्षाघाताच्या रुग्णाला करोना झाल्यास काय होते, ते ठेवायला हवे होते. दहा लाखांत मोजके, या धोक्यासमोर किती मोठा धोका उभा होता, हे २०२१ च्या एप्रिलमध्ये कोणत्याही डॉक्टरला विचारायची गरज नव्हती. शिवाय प्रतिक्रियेचा बंदोबस्त करता येतो. पथकासोबत एक डॉक्टर, अॅड्रेनालिन, अर्धा तास थांबण्याची तयारी. घरी न जाण्याच्या धोक्याचा मात्र काहीच बंदोबस्त नव्हता. एका धोक्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते, दुसऱ्याची कोणावरच येत नाही. त्यामुळे कार्यालयात बसलेल्या माणसाला पहिला धोका मोठा दिसतो. मीही तेव्हा अशाच एका खुर्चीत बसले होते, हे विसरून चालणार नाही.

वाया जाण्याचा मुद्दा गणिताचा आहे. कोव्हिशील्डच्या एका कुपीत दहा डोस, आणि कुपी उघडली की चार तासांत संपवायची. एका विभागात दहा घरे आधी नोंदवून ठेवली आणि घरातील काळजी घेणाऱ्यालाही त्याच भेटीत लस दिली, तर पाच-सहा घरांत कुपी संपते. प्रत्येक घरी अर्धा तास देखरेख धरली तरी पाच घरे म्हणजे अडीच तास. वेळाचा मुद्दा याहून खरा आहे. जे पथक केंद्रावर दिवसाला शंभर जणांना लस देते, ते घरोघरी फिरून पंधरा-वीस जणांपर्यंतच पोहोचेल. संख्येवरच नजर ठेवणाऱ्याला हा सौदा तोट्याचा वाटणारच. पण वाचकहो, एप्रिल-मे महिन्यांची आठवण करा. त्या काळात टंचाई हातांची नव्हती, लसीची होती. साठा नसल्याने मुंबईतली केंद्रे सलग काही दिवस बंद ठेवावी लागली होती. केंद्र बंद, कर्मचारी हजर, लस थोडीशी. अशा वेळी त्या थोड्याशा लसीतला एक डोस पंचविशीतल्या निरोगी माणसाला दिला काय किंवा आजींना दिला काय, डोस एकच जातो. त्यातून टळणारा मृत्यूचा धोका मात्र अनेक पटींनी वेगळा असतो.

आणि घरोघरी जाणे आपल्या यंत्रणेला नवे होते का? पोलिओच्या मोहिमांत दार ठोठावून, बाळाच्या बोटाला शाई लावून, घराच्या भिंतीवर खडूची खूण करून आपल्या कार्यकर्त्या किती वर्षे फिरल्या! त्या चालण्यामुळेच २०११ च्या जानेवारीनंतर देशात पोलिओचा रुग्ण सापडला नाही. पोलिओचे थेंब आणि इंजेक्शन यांत फरक आहे, हे मला कळते. पण दूरचे कशाला, २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम झाली, तेव्हा पथके घराघरांत जाऊन ताप आणि प्राणवायूची पातळी मोजत होती, सहव्याधींची यादी करीत होती. आजींच्या घरीही दोन मुली तिसरा मजला चढून आल्या होत्या. आजींच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, ‘वय ८१, अर्धांगवायू, रक्तदाब’ असे लिहून घेतले. म्हणजे त्या कोठे राहतात आणि खाली उतरू शकत नाहीत, हे लस येण्याच्या चार महिने आधी कुठल्या तरी वहीत नोंदले गेले होते. मार्चमध्ये ती वही उघडली गेली नाही.

प्लेगच्या साथीत, १८९७ साली केलेला साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा वापरात आला. त्या काळात सरकार न बोलावता घरात शिरत असे, आजारी शोधून उचलून नेत असे. पुण्यातल्या त्या घरझडत्यांच्या कडवट आठवणी पिढ्यान्पिढ्या टिकल्या. साथीत धरपकडीसाठी उंबरठा ओलांडणे यंत्रणेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सेवेसाठी तो ओलांडायची वेळ आली की मात्र नियमावली आठवते, असे माझ्या मनात येते. ही तुलना थोडी कठोर आहे, याची मला जाणीव आहे.

मधल्या काळात काहीच झाले नाही, असे नव्हे. मे महिन्याच्या सुरुवातीला दादरला एका वाहनतळावर गाडीत बसल्या-बसल्या लस देण्याचे केंद्र सुरू झाले. ज्येष्ठांना आणि अपंगांना त्याचा खरोखरच आधार झाला. माझ्या वहीतले दोन रुग्ण तिथे जाऊन आले. पण त्या दोघांच्याही घरी गाडी होती आणि इमारतीला लिफ्ट होती. पुढे घराजवळ लसीकरणाचे धोरण आले आणि मोठ्या सोसायट्यांच्या सभागृहांत खासगी रुग्णालयांची शिबिरे भरू लागली. आमच्याच भागात एका उंच इमारतीतल्या आजोबांना चाकांच्या खुर्चीतून लिफ्टने खाली आणून दहा मिनिटांत लस मिळाली. मला त्यांच्याबद्दल आनंदच झाला. त्यांच्या गच्चीतून आजींची इमारत दिसते. शिबिरासाठी किमान संख्या आणि पैसे लागत. जूनमध्ये खासगी रुग्णालयांसाठी कमाल दर ठरले, ते कोव्हिशील्डला ७८० आणि कोव्हॅक्सिनला १४१० रुपये. मावशींचा बारा तासांचा रोज तेव्हा पाचशे रुपये होता.

१ मेपासून १८ ते ४४ वयाला लस खुली झाली ती आधी मोबाइलवर नोंदणी करण्याच्या अटीवर. मावशींकडे बटणांचा फोन. त्यांनी मला विचारले तेव्हा मी माझ्या मुलाला त्यांच्यासाठी नोंदणी करायला सांगितले. तीन दिवस तो खटपट करीत होता. जागा उघडत आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपत. मेच्या मध्यास राज्याने अपुऱ्या साठ्यामुळे या वयोगटाचे लसीकरण काही काळ थांबवलेच. त्याच महिनाअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीच्या या डिजिटल अटीविषयी सरकारला खडे प्रश्न विचारले.

पण तोपर्यंत आजी गेल्या होत्या. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी मुलाला आणि आजींना एकदमच ताप आला. आजींच्या प्राणवायूची पातळी मध्यरात्री ८६ पर्यंत उतरली. मी रात्री जाऊन जे शक्य होते ते केले. खाट मिळायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. पुन्हा तीच प्लास्टिकची खुर्ची, तोच जिना, या वेळी उचलणारे दोघेच, कारण शेजारी पुढे यायला घाबरत होते. त्यांना मी दोष देत नाही. चौथ्या दिवशी रुग्णालयातून निरोप आला.

संसर्ग कोणी आणला, हे कोणालाच ठाऊक नाही. मुलगा रोज लोकलने जात होता, सून भाजी आणायला उतरत होती, मावशी वस्तीतून येत होत्या. तरी घरात आणि मजल्यावर एकच निष्कर्ष निघाला. मावशींना फोनवरूनच ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगण्यात आले. त्यांची चाचणी करून घ्यावी, असे कोणालाही सुचले नाही. आठवड्याने त्या माझ्याकडे आल्या, तोंडाला पदर घट्ट धरून, बाकावर न बसता दाराशी उभ्या राहिल्या. “बाई, मी आजींना मारलं का?” हा त्यांचा प्रश्न. मी चाचणी करवली. तिचा निकाल निर्दोष आला, पण त्यावरून दोन आठवड्यांपूर्वीचे काहीच सिद्ध होत नव्हते, आणि ते त्यांना समजावताना माझीच तारांबळ उडाली.

जून महिन्यात उच्च न्यायालयाने सरकारला चांगलेच फैलावर घेतले. केरळ, जम्मू-काश्मीरसारख्या ठिकाणी घरी लस दिली जाते, मग इथे का नाही, असे विचारले. राज्यातल्या एका ज्येष्ठ नेत्यांना घरी लस मिळाली, तेव्हा नियम काय होता, असाही प्रश्न केला. त्यानंतर राज्य सरकार प्रायोगिक तत्त्वावर सुरुवात करायला तयार झाले. मात्र पहिल्या मसुद्यात एक अट होती. रुग्णाच्या फॅमिली डॉक्टरने दाखला द्यायचा आणि काही विपरीत झाल्यास त्याची जबाबदारी घ्यायची. वर्तमानपत्रात ते वाचल्यावर मी त्या रात्री वही उघडून उरलेली नावे वाचली. यांच्यापैकी कोणासाठी मी सही केली असती? प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिल्या प्रतिक्रियेत उत्तर आले, ‘कोणासाठीच नाही’. उद्या काही झाले तर दवाखान्यावर दगड येतील, ही भीती अगदी साधी आणि खरी होती. न्यायालयाला ती अट अव्यवहार्य वाटली आणि ती गळली. मला हायसे वाटले, आणि हायसे वाटल्याबद्दल बरेही वाटले नाही.

जुलैच्या अखेरीस मुंबई महापालिकेने अंधेरी पूर्व-जोगेश्वरीच्या विभागातून घरी लसीकरणाला आरंभ केला. नावे ईमेलने मागवली होती. अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठाने ईमेल कसा पाठवावा, हा प्रश्न पुन्हा नातवंडांवर आणि शेजाऱ्यांवर आला. आमच्या वहीतली नावे आम्ही दवाखान्यातून पाठवली. पथक आले तेव्हा त्यांनी काम उत्तम केले. डॉक्टर, परिचारिका, औषधांची पेटी, अर्धा तास थांबणे, निघताना रुग्णाच्या पायाची जखम पाहून दोन शब्द सांगणे. कोणालाही प्रतिक्रिया आली नाही. सप्टेंबरमध्ये केंद्रानेही घरी लस देण्याला परवानगी दिली आणि नोव्हेंबरपासून ‘हर घर दस्तक’ या नावाने देशभर घरोघरी जाणे सुरू झाले. मार्चमध्ये जे अशक्य म्हणून सांगितले गेले, ते त्याच वर्षी, त्याच माणसांनी, त्याच शीतपेट्यांतून केले.

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली झालेल्या कायद्यात सरकारी रुग्णालयांत त्यांच्यासाठी स्वतंत्र रांग असावी, अशी तरतूद आहे. चांगली तरतूद आहे, ती मागून घ्यावी. पण कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरही ज्येष्ठ म्हणजे रांगेत उभा राहिलेला माणूसच होता. ज्यांना बसताही येत नाही त्यांच्यासाठी वयोवृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे आणि त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरी भेट देण्याचीही तरतूद आहे. आपल्यापैकी किती जणांनी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन ‘आमच्या घरी असा रुग्ण आहे, त्याचे नाव लिहून घ्या’ असे म्हटले आहे? मी स्वतः २०२१ पर्यंत म्हटले नव्हते. साथ आल्यावर यादी करायला घेतली तर उशीर होतो. साथ नसताना केलेली यादीच उपयोगी पडते.

तेव्हा घरात अंथरुणाला खिळलेले कोणी असेल तर एका कागदावर पुढील गोष्टी लिहून आरोग्य केंद्रात आणि आपल्या डॉक्टरांकडे द्याव्यात: वय, आजार, चालू औषधे, पूर्वी कोणत्या औषधाची किंवा लसीची प्रतिक्रिया आली असल्यास ती, मजला, लिफ्ट, आणि करणाऱ्या प्रत्येकाचे नाव व वय, मग तो नातेवाईक असो वा पगारी. आजाराची शिफारसपत्रे आणि आधार कार्डाची प्रत त्याच पाकिटात असावी. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर फ्लूच्या लसीविषयी आणि एकदा न्यूमोनियाच्या लसीविषयी डॉक्टरांशी बोलावे. या लसी फॅमिली डॉक्टर घरी येऊन देऊ शकतात. मी देते, सोबत अॅड्रेनालिन ठेवते आणि अर्धा तास थांबते, बहुधा चहा होतोच. आणि फ्लूची लस रुग्णाला देताना त्याचे करणाऱ्यांनाही द्यावी. मावशींच्या लसीचा खर्च घराने करावा, असे मी आता स्पष्ट सांगते. काही घरांना ते रुचत नाही. “आज आहेत, उद्या दुसरीकडे जातील,” असे म्हणतात. त्यावर मी एवढेच विचारते, की आज त्या किती तास तुमच्या आईच्या उशाशी असतात.

त्या मावशी ऑगस्टमध्ये लस घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी ताप आला म्हणून घाबरून माझ्याकडे आल्या होत्या. पुढे मी त्यांना दुसऱ्या एका घरी लावून दिले. आजींच्या सुनेने नंतर एकदा त्यांचा फोन नंबर माझ्याकडे मागितला. मी दिला. त्यांचे बोलणे झाले की नाही, ते मी विचारले नाही.

निळी वही आता दुसरी आहे. तिच्यात २३ नावे आहेत आणि रकाने वाढले आहेत: मजला, लिफ्ट, जिन्याचे वळण, करणाऱ्याचे वय, करणाऱ्याची लस. दर सहा महिन्यांनी तिची एक प्रत मी आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात नेऊन देते. पहिल्या वर्षी ती कोठे ठेवायची, हेच तिथे कोणाला ठाऊक नव्हते. यंदा तिथल्या परिचारिकेने ती उभ्या-उभ्या वाचली, दोन नावांवर खूण केली आणि विचारले, “मॅडम, या दोघांकडे खुर्ची जिन्यात फिरते का? नसेल तर आम्हीच वर येऊ.”